मिस्त्रींची कॅप्सूल आणि मी

मी एक जुनी पाणसळ आहे. फरशी बसवणारे लोक मला नुसते 'लेव्हल' म्हणतात. हातभर लांबीची पिवळी पट्टी, तिच्या पोटात काचेची छोटी नळी, नळीत हिरवट पाणी आणि त्या पाण्यात एक बुडबुडा. जमीन सपाट असली की बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या मधोमध उभा राहतो. जरा कुठे चढउतार असला की तो पळतो. मित्रांनो, तो बुडबुडा म्हणजेच माझा जीव आहे आणि तो जन्मापासून घाबरट आहे. दारावरून जड गाडी गेली तरी तो थरथरतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका लांबलचक टेबलावर आम्हा बहिणींना ओळीने मांडले होते. चष्मा लावलेले एक गृहस्थ प्रत्येकीपाशी थांबत, वाकून बघत आणि पुढे जात. जिचा बुडबुडा रेघेला शिवला तिला उचलून ते मागच्या पिंपात टाकत. काच फुटल्याचा आवाज येई. ते माझ्यापाशी आले तेव्हा माझे धाबे दणाणले होते. कसाबसा जीव सावरून मी मधोमध उभी राहिले आणि वाचले. तेव्हापासून काहीही तिरके दिसले की मला ते पिंप आठवते.

मला विकत घेतले एका फरशीमिस्त्रींनी. तेव्हा ते तरुण होते आणि मला डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बघत राहिले होते. त्यांचे माझे लगेच जमले, कारण तिरकेपणा त्यांनाही सोसत नसे. कोणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी ते भिंतीवरची तसबीर बोटाने सरळ करीत. आम्ही दोघांनी किती स्वयंपाकघरे, किती दुकाने, किती दवाखाने सपाट केले याची गणतीच नाही. एका घरात मालकीणबाईंनी काचेची गोटी फरशीवर ठेवून पाहिली. गोटी जागची हलली नाही. बाईंनी मिस्त्रींचे कौतुक केले आणि मिस्त्रींनी माझी काच रुमालाने पुसली. तो दिवस मी विसरणार नाही.

पण मित्रांनो, फरशीचे काम म्हणजे दिवसभर गुडघ्यांवर बसून वाकायचे. जेवून लगेच वाकले की मिस्त्रींच्या घशाशी आंबट पाणी येऊ लागले. छातीत जळजळ होई. ते थापी खाली ठेवून भिंतीला टेकत. एका डॉक्टरांनी त्यांना काही आठवड्यांपुरती एक कॅप्सूल लिहून दिली. रोज सकाळी उपाशीपोटी एक. जळजळ थांबली. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला आणि माझाही.

आठवडे संपले, पण पुन्हा विचारायला कोणी गेले नाही. बरे वाटते आहे ना, मग विचारायचे कशाला? मिस्त्रींची मुलगी तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. ती शिकली, परगावी नोकरीला लागली, तरी कॅप्सूल चालूच होती. कॅप्सूलचे पाकीट माझ्याच पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात असे. मिस्त्री घरातून निघताना एकदा तो कप्पा चाचपत. पाकीट नसले तर रस्त्याच्या टोकावरून माघारी येत. डबा विसरला तर चालायचे, पाकीट विसरून चालायचे नाही.

एके दिवशी एका घराची पायरी उतरताना मिस्त्रींचा पाय घसरला. पायरी वीतभरसुद्धा नव्हती. तरी मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर ते पिशवी घेऊनच डॉक्टरबाईंकडे गेले, तिथून परस्पर एक काम बघायला जायचा त्यांचा बेत होता. म्हणून पुढचे सगळे मी माझ्या कानांनी ऐकले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडायला नको होतं. तुमची हाडं विरळ झालीयेत. ही कॅप्सूल वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या बाबतीत तसं होऊ शकतं. परवा दुर्बिणीतून तपासलं त्यात तुमचं पोट आणि अन्ननलिका चांगली दिसली. मग ही चालू कशासाठी ठेवायची?"

"कशासाठी म्हणजे? बंद केली की जळतं ना."

"एकदम बंद नाही करायची. आधी एक दिवसाआड, मग हळूहळू आणखी लांबवायची. सुरुवातीला जळजळ वाढेल. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं आम्ल उसळी मारतं. त्याचा अर्थ आजार परत आला असा नाही. काही आठवडे कळ काढावी लागेल. त्रास झाला तर हे पातळ औषध घ्या. रात्री लवकर जेवा आणि पलंग डोक्याकडून उंच करा. पण छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, घास अडकायला लागला, तर घरात बसून राहू नका. लगेच या."

 मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, माझं कामच वाकायचं आहे. वाकता आलं नाही तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही."

मित्रांनो, मी पिशवीत होते. माझा बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. मिस्त्री वाकले नाहीत तर माझाही उपयोग संपला, हे मला कळत होते. पण खरे सांगते, त्या क्षणी मला माझ्यापेक्षा त्यांच्या आवाजाची जास्त भीती वाटली. तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

घरी आल्यावर मिस्त्रींनी लगेच पलंगाचे काम काढले. बायको बाजारात गेली होती. त्यांनी उरलेल्या फरश्यांचे तुकडे एकावर एक चिकटवले आणि डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली सरकवले. मग सवयीने मला पलंगाच्या फळीवर ठेवले. माझा बुडबुडा धावत जाऊन टोकाला आपटला. मिस्त्रींनी तोंड वाकडे केले. ते उठले, पुन्हा बसले, पुन्हा माझ्याकडे पाहिले. अखेर त्यांनी आणखी तुकडे चिकटवून पायथ्याकडच्या पायांखालीही घातले आणि मला परत वर ठेवले. बुडबुडा मधोमध. "हां, आता कसं," मिस्त्री म्हणाले. मलाही हायसे वाटले. सपाट दिसले की मी पुढचा विचार करत नाही. बायकोला पलंग चढायला उंच लागला, पण डॉक्टरांनीच सांगितलेले म्हणून तीही काही बोलली नाही.

कॅप्सूल दिवसाआड सुरू झाली. कॅप्सूलच्या दिवशी मिस्त्री माणसात असत. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला असे. हळूहळू दोन्ही दिवस सारखेच वाईट होऊ लागले. घास घेताना ते थांबत, जणू तो खाली जाईल की नाही याची त्यांना खात्री नसे. आडवे झाले की खोकला. सकाळी घसा बसलेला. बायको विचारी, "आज कसं आहे?" ते म्हणत, "बरंय." तिला ते खरे वाटत नसे आणि तिला ते खरे वाटत नाही हे त्यांनाही कळत असे. दोघेही एकमेकांपासून आपली भीती लपवत होते. मी मात्र पिशवीत पडल्या पडल्या दोघांचीही भीती ऐकत होते.

मग ती दुपार आली. एका रिकाम्या घरात मिस्त्री हॉलची फरशी बसवत होते. मी त्यांच्या गुडघ्याशी होते. अचानक त्यांचा हात थांबला. त्यांनी छाती दाबून धरली. कपाळावर घाम आला. ते मागे सरकत सरकत भिंतीपर्यंत गेले आणि तिथे बसून राहिले. समोर सिमेंटचा ओला मसाला सुकत चालला होता आणि ते त्याच्याकडे नुसते बघत होते. माझे तर पाणी पाणी झाले. ही नेहमीची जळजळ की हृदयाचे काही, हे मला कसे कळणार? त्यांनाही कळत नव्हते. त्यांचा हात पिशवीच्या कप्प्यात गेला, पण तो दिवस कॅप्सूलचा नव्हता आणि पाकीट बायकोने घरी ठेवून घेतले होते. रिकामा हात बाहेर आला तेव्हा त्यांनी जी हाक मारली ती ऐकून आतल्या खोलीत नळ जोडणारे कारागीर धावत आले. त्यांनीच मिस्त्रींना उचलून दवाखान्यात नेले.

मी तिथेच राहिले, ओल्या फरशीवर, अर्ध्या कामात. संध्याकाळ झाली. मला न्यायला कोणी येईल का, आणि आले तर ते कोण असेल, या विचाराने माझा बुडबुडा एक क्षणही स्थिर नव्हता. मिस्त्रींची बायको आली. तिचे डोळे सुजले होते, पण ती नळवाल्यांना म्हणाली, "हृदयाचं काही नाही. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं ठीक आहे. आम्लच होतं. डॉक्टर म्हणाल्या, आलात ते बरंच केलंत." मग तिने मला उचलून पिशवीत ठेवले.

घरी मिस्त्रींनी निकाल देऊन टाकला. "बास झालं. उद्यापासून रोजची कॅप्सूल. हाडं मोडायची तेव्हा मोडू देत." बायकोने मान हलवली. तीही थकली होती.

दुसऱ्या दिवशी बातमी ऐकून मुलगी आली. बॅग टाकून ती वडिलांजवळ पलंगावर बसली. बोलता बोलता तिने खाली पाहिले. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते, अधांतरी लोंबकळत होते.

"बाबा, हा पलंग कधीपासून एवढा उंच झाला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. डोकं उंच हवं."

मुलीने चादर वर करून वाकून पाहिले. मग चारही पाय फिरून पाहिले. "बाबा, डोकं उंच हवं म्हणजे पायांपेक्षा उंच. तुम्ही तर अख्खा पलंग माळ्यावर नेऊन ठेवलाय."

 मिस्त्री आपल्या हातांकडे बघत राहिले. "तिरका बघवेना गं," ते म्हणाले. बायकोने कपाळावर हात मारला आणि मग ती इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी तिला रडू आले. म्हणजे इतके दिवस हा माणूस सरळ आडवा पडून ते आम्ल घशाशी येऊ देत होता. माझ्या मधोमध उभ्या राहिलेल्या बुडबुड्याच्या साक्षीने.

मुलीने डॉक्टरबाईंना फोन लावून सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, आधी पलंग नीट करा, रोजच्या कॅप्सूलचा निर्णय पुढच्या भेटीपर्यंत थांबू द्या. पायथ्याचे तुकडे निघाले. आणि मुलीने मला पिशवीतून काढून स्वयंपाकघरातल्या कपाटावर नेऊन ठेवले. "ही घरात दिसली की बाबा परत मोजायला बसतील," ती म्हणाली.

मित्रांनो, कपाटावर माझ्यावर धुळीचा थर बसला. मला कोणी पुसले नाही. तिथून मला मिस्त्री दिसत नसत, फक्त ऐकू येत. खोकला आला की माझ्या काळजाचा ठोका चुके. खोकला आला नाही की त्याहून जास्त भीती वाटे. पातळ औषधाच्या बाटलीचे झाकण उघडल्याचा आवाज मी ओळखायला शिकले. पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी कॅप्सूल आणखी लांबवली. झाकणाचा आवाज कधी रोज, कधी दोनदा, मग एखाद्या दिवशी नाहीच. पुन्हा चार दिवस वाईट. पुन्हा शांत. शेवटी एका सकाळी बायको म्हणाली, "पाकीट संपलं. नवीन आणायचं नाही ना?"  मिस्त्री म्हणाले, "नको." 

पण ते कामाला जाईनात. येईल त्याला "जरा दिवस जाऊ देत" म्हणत. जळजळ थांबली होती, तरी वाकायची भीती गेली नव्हती. शेवटी बायकोनेच मला खाली काढले आणि त्यांच्यासमोर ठेवले. "लोकांची घरं आरशासारखी केलीत. आमच्या स्वयंपाकघरात मी इतकी वर्षं फुटक्या फरशीवर उभी आहे. घरातल्या घरात करा. त्रास झाला तर मी आहेच."

जुनी फरशी निघाली, नवीन बसत गेली. मिस्त्री गुडघ्यांवर बसत, पण पाठ ताठ ठेवत. आता फरशीवाल्यांची एक रीत आहे. शेवटी मला फरशीवर ठेवून ते स्वतः जमिनीला गाल लावतात आणि माझ्या खालून उजेड दिसतो का ते बघतात; दिसला तर तिथली फरशी खाली बसलेली असते. त्याहून खाली माणूस वाकूच शकत नाही. मिस्त्रींनी मला ठेवले आणि थांबले. दारात बायको उभी होती. तिच्या हातात पातळ औषधाची बाटली होती, झाकण उघडलेली.

मिस्त्री हळूच वाकले. हात टेकले, मग कोपर, मग गाल. त्यांचा डोळा माझ्या अगदी समोर आला. तो डोळा माझ्या खालचा उजेड बघत नव्हता. तो घट्ट मिटलेला होता. आम्ही तिघेही वाट बघत होतो.

बराच वेळ गेला. मग डोळा उघडला.

"काही नाही आलं वर," मिस्त्री म्हणाले.

बायकोने बाटलीचे झाकण लावले. "मग उठा आता. ओट्यापाशी अजून दोन फरश्या राहिल्यात."

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणाचे तरी औषध वर्षानुवर्षे चालू असेल. ते तुमच्या मनाने थांबवू नका. काहींना ते खरोखर लागते. पण ते का चालू आहे, हे डॉक्टरांना अधूनमधून विचारायला त्यांना सांगा. आणि ते कमी करायची वेळ आली, तर "बरंय" एवढ्या उत्तरावर त्यांना एकटे सोडू नका. आमचे मिस्त्री आता पुन्हा लोकांच्या घरी कामाला जातात. ते जमिनीला गाल लावतात तेव्हा मी अजून घाबरते. डोळे मात्र ते आता मिटत नाहीत.