सोनकळीला नदीवर नेलं तेव्हा

पौडजवळ मुळा नदीच्या काठी जयसिंगरावांनी आपल्या बंद पडलेल्या सर्कशीतली जनावरं ठेवून लहानसं प्राणिसंग्रहालय काढलं होतं. साल त्र्याऐंशी. तिथल्या दोन हत्तिणींपैकी थोरली मेली आणि सोनकळी एकटी उरली. तेव्हापासून ती कोब्यावर एकाच जागी डुलायची, भिंतीवर कपाळ घासायची. कपाळाची जखम भरत नव्हती.

तिची देखभाल भीमाबाईकडं होती. नवऱ्यामागं माहुताचं काम तिनंच अंगावर घेतलं होतं. सोनकळीचं मन रमावं म्हणून तिनं काय काय केलं! उंबराच्या फांद्या उंच टांगल्या, तांबडी माती ओतली, भोकं पाडलेल्या पिंपात गुळाचे खडे भरले. पिंप लोळवण्यात सोनकळी थोडे दिवस गुंतली. मग तिनं ते चेपून टाकलं आणि पुन्हा डुलू लागली. आता तर वैरणीलाही तोंड लावेना.

“मालक, तिला नदीवर तरी नेऊ द्या,” भीमाबाई म्हणाली.

“आन् बिथरली तर? मानसं तुडवली तर?” जयसिंगराव म्हणाले. “न्हाई म्हंजे न्हाई.”

सोमवारी बाग बंद असायची. त्या सोमवारी भीमाबाईनं साखळी सोडली.

सोनकळी पाण्यात शिरली, सोंडेनं फवारे उडवले आणि चिखलात चक्क आडवी झाली. थोरली गेल्यापासून ती आडवी झालीच नव्हती. भीमाबाई काठावर बसून हसतही होती, रडतही होती.

परतताना मात्र सोनकळी फाटकाशी अडली. भीमाबाईनं चुचकारलं, कान ओढला, पण ती हलेना. जयसिंगराव धावत आले.

“भीमाबाई, हिला आत घे. रस्त्याला लागली तर बंदूकवाले बोलवावे लागतील.”

भीमाबाई पाठ फिरवून आत चालू लागली. तिच्या मागोमाग सोनकळी निमूट आली. भीमाबाईनं स्वतःच्या हातानं तिच्या पायात साखळी अडकवली. सोनकळीनं सोंड तिच्या खांद्यावर ठेवली, मग काढून घेतली आणि भिंतीकडं तोंड केलं.

भीमाबाई मटकन खाली बसली. “मालक, हिला कुटंतरी दुसऱ्या हत्तींच्यात धाडा. तवर मी हितनं उठत न्हाई.”

जयसिंगराव तिच्याजवळ कोब्यावरच टेकले.

“समद्यांना इचारून झालंय गं,” ते म्हणाले. “असलं जखमी, येडं झालेलं जनावर कुनालाच नको हाय.”

सोनकळी डुलत होती. दोघांनाही तिच्याकडं बघवत नव्हतं.