बासष्ट फुटांवरची फळी

इंद्रभान भोयाच्या मासेमारीच्या डोंग्याला तळाची फळी मी बसवली, हे मी तीन वर्षं मोताळ्याच्या बाजारात मिरवलं. बैलगाड्यांचा मिस्त्री मी, पण डोंग्यालाही हात लावतो, असं सांगत फिरायचो. त्या फळीला चीर गेलेली आहे, हे मात्र मला एकट्यालाच माहीत होतं.

गाडीच्या कामात सांधा जितका घट्ट, तितका मिस्त्री नावाजलेला. त्याच हिशेबानं मी भर उन्हाळ्यात वाळलेली बाभळीची फळी ठोकून ठोकून बसवली. पाण्यात लाकूड फुगतं, त्याला जागा ठेवावी लागते, हे मला कोण सांगणार? चौथ्या दिवशी सहज बघायला गेलो, तर फळी फुगून हातभर तडकलेली. इंद्रभान बायकोला घेऊन रोहिणखेडला लग्नाला गेला होता. मी डोंगा काठावर ओढला, चिरेत गोणपाट कोंबलं, वर डांबर ओतलं आणि आतून एक पट्टी ठोकली. तो परत आल्यावर सांगितलं, "पट्टी मजबुतीसाठी मारली." चारचौघांत नाक कापलं जाईल म्हणून खोटं बोललो, दुसरं काही कारण नाही.

नळगंगेचं धरण होऊन सहा-सात वर्षं झाली होती. आत किती गाळ बसला ते मोजायला, फळीला तीन वर्षं झाली त्या हिवाळ्यात, पाटबंधाऱ्याचे एक साहेब जीपनं आले. त्यांच्याजवळ एक यंत्र होतं. त्याला वायरीनं जोडलेली पितळी डबी पाण्यात धरायची. ती खाली आवाज सोडते, आवाज तळाला आपटून परत येतो आणि यंत्रातल्या कागदावर खोलीची रेघ उमटते. डोंगा त्यांनी इंद्रभानचाच घेतला, कारण त्यातल्या त्यात मोठा तोच होता. पहिल्या दिवशी डबी बांबूला बांधून बाजूनं सोडली, तर बांबू हलायचा आणि रेघ नाचायची. दुसऱ्या दिवशी मागं, साहेबांनी डोंग्याला लावलेल्या मोटारीच्या पंख्याजवळ बांधली, तर फेसानं कागद नुसता काळा झाला. तिसऱ्या दिवशी मला निरोप आला, भोक पाडायचं गिरमिट घेऊन ये.

गेलो तेव्हा डोंगा काठावर पालथा घातलेला होता. साहेब गुडघ्यांवर बसून तळ ठोकून बघत होते.

"पुढे नको," ते म्हणाले, "होडीचं नाक उचललं की खाली हवा शिरते. मधे कणा आहे. इथे मागच्या भागात बसवू. ही फळी सपाट आहे, ठोकल्यावर नवीही वाटते." आणि त्यांनी माझ्या फळीवर खडूनं गोल काढला. चिरेपासून चार बोटं. तळाला सगळीकडे डांबर होतं म्हणून चीर दिसत नव्हती, पण मला ती डोळे मिटूनही दिसत होती.

"साहेब, पलीकडच्या फळीत घातली तं?" मी म्हणालो.

"ती जुनी आहे, भोकानं फाटेल."

इंद्रभानची बायको जनकाबाई डोक्यावर जाळं घेऊन उभी होती. नवऱ्याबरोबर रोज पाण्यात तीच जायची. ती म्हणाली, "मिस्त्री, फळी तुमी बसवली म्हणून मले भेव नाही. नाहीतं या मशनीपायी मी ह्यायले भोक पाडूच नसतं देल्लं."

त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी गिरमिट फिरवायला घेतलं.

"काऊन बे उकंडा," इंद्रभान म्हणाला, "गिरमिट इतकं सावकाश काऊन फिरवून राह्यला?"

"थंडी हाय."

डबी बसली, भोवती डांबर भरलं, डोंगा पाण्यात गेला. मी हत्यारं गोळा करत होतो, तेवढ्यात साहेब म्हणाले, "मिस्त्री, तुम्हीही चला. डबी हलली तर लगेच आवळता येईल." मला पोहता येत नाही. पण नाही म्हणायला कारण काय देणार? जीव मुठीत धरून मी पट्टीशेजारी बसलो.

मोटार सुरू झाली आणि फळी माझ्या मांडीखाली थरथरायला लागली. साहेब खुशीत होते, रेघ स्वच्छ येत होती. ते मोठ्यानं आकडे सांगायचे आणि वहीत लिहायचे.

"अठरा फूट."

पट्टीच्या कडेला ओल आली. मी तिच्यावर तळहात ठेवला.

"चौतीस. वा, मिस्त्री, जागा बरोबर सापडली."

तळहाताखाली गार पाणी फिरत होतं. आजवर मला डोंग्याखाली नुसतं पाणी दिसायचं. आता ते यंत्र मला फूट मोजून सांगत होतं, आणि मला कळत होतं की मी तीन वर्षं या नवराबायकोला कशावर बसवून धाडलं.

"एकावन्न. बासष्ट."

पट्टीचा एक खिळा उसळला आणि पाणी माझ्या धोतरावर उडालं. मी ओरडलो. इंद्रभाननं एका नजरेत बघितलं आणि मोटार वळवली. मी डोक्यावरची टोपी काढून चिरेवर दाबली आणि सगळं अंग तिच्यावर टाकलं. साहेब डब्यानं पाणी उपसत होते. काठ जवळ येतच नव्हता. मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, कुठल्या तोंडानं घेणार?

डोंगा काठाला लागला तेव्हा पाणी घोट्याच्या वर आलं होतं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "चूक माझी. जुन्या होडीला भोक पाडायला नको होतं."

झालं. मी सुटलो होतो.

"जाऊ द्या साहेब," इंद्रभान म्हणाला, "तुमचं बांबूवरच पाहा काहीतरी. उकंडा, हे भोक तेवढं आज बुजवून दे. उद्या सकायी आमाले जाळं टाकाले जाचं हाय."

उद्या सकाळी. भोक बुजलं, तरी ती दोघं त्याच फुटक्या फळीवर बसणार होती.

"भोकानं नाही आलं पाणी," मी म्हणालो. "फळी फुटेल हाय. बसवली तवाच फुटली होती. मी डांबर भरलं न् तुह्याशी खोटं बोललो."

तो शिव्या देईल, मारेल, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो वाकून माझ्या टोपीखालची चीर बघू लागला. मग साहेबांकडे वळला.

"साहेब, ते वाळेल बाभयीचं खोड दिसते ना पाण्यात, त्याच्या पलीकडं आमी जाळं टाकतो. तठी किती निंघालं?"

साहेबांनी ओला कागद उलगडला. "बासष्ट."

इंद्रभाननं मान हलवली. धरणाच्या भिंतीवरून जनकाबाई जेवण घेऊन येत होती. तो तिच्याकडे बघत म्हणाला, "हे तिले तूच सांग."

ती आली, खाली बसली आणि फडकं सोडलं. तिनं चौघांच्या भाकरी आणल्या होत्या. पहिली भाकर तिनं माझ्यापुढे धरली.