लॉनवर बसवलेली मेंढरं

"सूर्यभान, हे काय मांडलंय तू?"

"मेंढरं हायती, साहेब."

"ते दिसतंय मला! आपल्या लॉनवर काय करायलीत?"

"बसवलीत, साहेब."

शेंद्र्याच्या त्या कंपनीचे मॅनेजर तात्यासाहेब फाटकातच थबकले. आदल्या दिवशी सुट्टी होती. ती साधून माळी सूर्यभाननं आपल्या मेहुण्याचा, मल्हाररावचा, अख्खा कळप आत घेतला होता. गवत मुळापर्यंत कुरतडलेलं, शेवंतीचे नुसते दांडे उरलेले, आणि जिकडं तिकडं लेंड्या. त्यात आजच पुण्याहून मोठे साहेब यायचे होते.

सूर्यभानच्या चेहऱ्यावर मात्र उपकार केल्याचं समाधान होतं. करमाडपासून फुलंब्रीपर्यंतचे शेतकरी लेंडीखतासाठी रानात रातभर मेंढ्या बसवायला त्याच्या बापाच्या मिनतवाऱ्या करायचे, वर धान्य द्यायचे. लॉन पिवळं पडायला लागल्यापासून याच्या मनात तेच घोळत होतं.

"मल्हाररावानं दाणासुदिक घेतला नाय, साहेब. म्हैन्याभरात बघा कसं तरारतंय ते."

तात्यासाहेब गंगापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. त्यांना हसू आलं होतं, पण पुण्याच्या साहेबांना ते येण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी सूर्यभानला केबिनमध्ये बोलावलं.

"मोठ्या साहेबांनी बागेचं काम ठेकेदाराला द्यायचं ठरवलंय. त्याच्याकडं रोजंदारीवर राहतो म्हणलास तर माझी ना नाही. नाहीतर पॅकिंगमध्ये एक जागा निघाली. पर्मनंट. तुझ्यासाठी भांडून ठेवलीय मी."

"पॅकिंग म्हंजी आत?"

"आतच की. खोकी काय उन्हात भरतेत?"

सूर्यभाननं केबिनच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. या माळावर पूर्वी तो मेंढरं चारायचा. माळावर कंपन्या उभ्या राहिल्या, बाप गेला, कळप विकला, तेव्हा तो काम मागत फाटकाफाटकानं हिंडला. मशीनवर घेतो म्हणणारेही भेटले होते. पण चारचौघं पगार बघून नोकरी धरतात, यानं आभाळ बघून धरली. बागेचं काम मिळालं तेव्हा पगार किती, हे विचारायचंच राहून गेलं होतं. त्या कामात तो सुखी होता, आणि सुखी आहोत हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

"उद्या सांगतो, साहेब."

घरी त्यानं बायकोला, म्हाळसाबाईला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"तुमच्या मनाला यील तसं करा," ती म्हणाली. मग सुपातली नजर न काढता बोलली, "लग्नाकार्यात बाया इचारतेत, मालक काय करतेत? मी म्हणते, कंपनीत हायेत. अन् पाणी प्यायच्या निमतानं उठते. पर्मनंट हायेत का, असं कुणी इचारायच्या आदी."

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. भाकरी कमी पडली तेव्हासुद्धा नाही. त्याला स्वतःचीच लाज वाटली. सकाळी त्यानं तात्यासाहेबांना होकार कळवला.

पॅकिंगच्या हॉलला खिडकी नव्हती. ट्यूबलाइटच्या उजेडात खोकी यायची, तो पट्टी चिकटवून पुढं ढकलायचा. काम हलकं होतं, पंखा डोक्यावर होता, शेजारची पोरं भली होती. नाव ठेवायला जागाच नव्हती. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं सवयीनं विचारलं, "बाहेर आभाळ आलंय का रं?" कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी आला तर दारात शेजारणी जमलेल्या. म्हाळसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पेढे वाटत होती.

"पर्मनंट झाले आमचे मालक!" ती ज्याला त्याला सांगत होती. शेजारच्या वच्छलाबाईला तर तिनं दोनदा सांगितलं.

सूर्यभान आत जाऊन भिंतीला टेकला. तिनं येऊन त्याच्या तोंडात पेढा घातला, आणि त्याच वेळी त्याला रडू फुटलं. तोंड भरलेलं, त्यामुळं आवाज निघाला नाही.

"आवं, आनंदाच्या दिशी कुणी रडतंय व्हय?" तिचेही डोळे भरून आले होते. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि दुसरा पेढा पुढं केला.

त्यानं तोही खाल्ला.