तेरड्याचे हार

अकलोलीमागचा डोंगर केसरीनाथकाकांचा. वडप्याची त्यांची भातशेती कधीच गोदामांखाली गेली होती; उरला होता हा उतार, आणि आता त्याचा मुरूम मागायलाही माणसं येऊ लागली होती. पुतण्या देवेशने हातापाया पडून एक पावसाळा मागून घेतला.

"ठाण्याहून लोक आणतो, काका. दोन दिवस पायी हिंडवतो, रानफुलं दाखवतो, पक्षी दाखवतो. खूश झाले तर डोंगर ठेवायचा."

"आनि न्हाय झाले तं मुरूम," काका म्हणाले.

देवेशने पुस्तकं वाचून डोळे फोडले. सुभग पक्ष्याची शीळ आरशासमोर घोटली. आरशातल्या देवेशला ती पटली. सुभगाला कधीच पटली नाही.

पाहुणे शनिवारी आले. बूट नवे, टोप्या नव्या. एका बाईंच्या गळ्यातली दुर्बीण एवढी जड की पक्ष्यांपेक्षा तिच्याकडेच त्यांचं लक्ष. पहिला दिवस गरम पाण्याच्या कुंडात गेला. बाहेर यायला कोणी तयार नाही. देवेश काठावर उभा राहून शिंपी पक्ष्याच्या घरट्याविषयी बोलत राहिला. त्याची सगळी भिस्त उद्यावर होती; वर अख्खा उतार तेरड्याने गुलाबी झाला होता.

रविवारी सकाळी चढण संपली, वळण आलं आणि देवेश जागीच थांबला.

उतार लग्नाच्या दिवशीच्या नवरदेवासारखा तुळतुळीत होता. कडेच्या दगडांना चुना फासलेला. मधोमध मांडव, मांडवावर हात जोडलेल्या काकांचा भलामोठा फोटो.

"काका, फुलं?"

"कालच मशीन फिरवली. साप-बिप चावला तं नाव कुनाचं जाईल? पावन्यांना काय गवतातनं न्यायचं?"

"अहो, ते फुलंच बघायला आलेत!"

"मंग फेकलीत का काय? ती बघ."

मांडवाच्या तोंडाशी काकू टोपली घेऊन उभ्या होत्या. टोपलीत तेरड्याचे हार. एकेक पाहुणा वाकत होता आणि काकू त्याच्या गळ्यात हार घालत होत्या. दुर्बीणवाल्या बाईंना कळलावीचा गुच्छही मिळाला.

देवेशने डोळे मिटून घेतले. आता शिव्या बसणार.

"वॉव! इतक्या जवळून कुठे बघायला मिळतात गं!"

पक्ष्यांचीही सोय होती. घरच्या हळदीला आणलेल्या स्पीकरवर काकांच्या मोबाइलमधला कोकीळ दणदणत होता. मध्येच जाहिरात लागली. तेवढ्यात मागच्या करवंदीतून खराखुरा सुभग शीळ घालून गेला.

"आवाज बंद करा जरा!" बाई म्हणाल्या. देवेशच्या जिवात जीव आला.

"ती जाहिरात हो," बाई म्हणाल्या. "पक्षी ऐकू देत नाही."

निघताना त्यांनी काकांचे हात हातात घेतले. "पुढच्या वर्षी नक्की येणार. फक्त चढ तेवढा कमी करता आला तर बघा."

गाड्या खाली उतरल्या. काकांनी पुतण्याच्या पाठीवर थाप मारली.

"जिकलास, बाला! जाम खूश झाले."

"मग डोंगर ठेवायचा ना?"

"त्यांनाच चढ नको तं कशाला ठेवू? मुरूम काढला का जागा सपाट. मांडव बी मोठा बसंल."

आणि मुरूमवाल्याला फोन लावता लावता काकांनी टोपलीतला उरलेला हार देवेशच्या गळ्यात घातला.