आबाजींना विचारायचे

"मेक हे व्हाइल द सन शाइन्स, सर," मुरारी म्हणाला आणि साहेब खळखळून हसत केबिनमध्ये गेले. हजेरीच्या टेबलाशी बसलेल्या आबाजींच्या कपाळाची शीर उठली.

पिंपरीच्या त्या नव्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात आबाजी पहिल्या दिवसापासून कारकून होते. कारखान्याखाली त्यांचं तीन एकर बाजरीचं रान गेलं, त्या बदल्यात ही नोकरी आली. आता हेडक्लार्कची जागा निघाली, तर मान त्यांचाच होता. पण कालपरवा पुण्याहून आलेल्या या मॅट्रिक मुरारीनं इंग्रजी म्हणी फेकून साहेबांना पार खिशात टाकलं होतं. आबाजींची मजल मराठी सातवीपर्यंत.

"आबाजी, अशा वेळी तुमच्याकडे काय म्हणतात हो?" मुरारीनं विचारलं.

"वापसा हाय तवर पेरून घ्यावं," आबाजी तुटकपणे म्हणाले.

मुरारीनं लगेच लाल वही काढून लिहून घेतलं. रोजचंच होतं ते. पुण्यात मित्रांना हसवायला आपलं गावंढळ बोलणं टिपतोय, असं वाटून आबाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

उद्या हेडक्लार्कच्या जागेची मुलाखत होती आणि मुरारीची सगळी मदार त्या वहीवर. सुटीचा भोंगा झाला, मुरारी हातपाय धुवायला नळावर गेला आणि पन्नाशीच्या आबाजींनी आयुष्यातली पहिली चोरी केली.

"वही कुनाची?" घरी बायकोनं, सोजराबाईंनी विचारलं.

"हापिसातली हाय."

"मग सदऱ्याखाली कशापायी?"

आबाजी वही घेऊन ओट्यावर जाऊन बसले. वहीत तीन रकाने होते. पहिल्यात मराठी अक्षरांत इंग्रजी म्हण, दुसऱ्यात पुस्तकी अर्थ आणि तिसऱ्याच्या डोक्यावर लिहिलेलं: 'आबाजींचे शब्द'. पानामागून पान तेच. बारभाईची शेती, काय लागंल हाती. गेल्या पाण्याला बांध घालून काय उपेग. एका ठिकाणी खाली टीप होती: 'इंग्रजीपेक्षा हेच सरस. साहेबांना सांगितले, पोट धरून हसले.'

आबाजींचं डोकं पुन्हा फिरलं. शब्द आपले आणि खुर्ची याची. रागारागानं त्यांनी शेवटचं पान उघडलं.

'ग्रीन विथ एन्व्ही. मत्सराने हिरवा होणे.' तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीनं एवढंच होतं: 'आबाजींना विचारायचे.'

आबाजी ती ओळ पुन्हा वाचू लागले. मनातून फार ओशाळले.

सकाळी मुरारी कावराबावरा होऊन सगळे खण उपसत होता. आबाजींनी वही त्याच्यापुढे ठेवली.

"कुठे सापडली?"

"सापडली न्हाई. म्याच नेलती. शेवटचं पान बघ."

पेन्सिलीच्या ओळीखाली आबाजींच्या गोल अक्षरात शाईनं लिहिलं होतं: 'दुसऱ्याचं बरं बघून पोटात दुखणं.'

मुरारीनं ते दोनदा वाचलं. काही बोलणार, तोच शिपायानं त्याचं नाव पुकारलं. वही टेबलावरच ठेवून तो आत गेला.

थोड्या वेळानं केबिनमधून साहेबांचं तेच खळखळून हसणं ऐकू आलं. आबाजी उठले. हेडक्लार्कच्या रिकाम्या खुर्चीवर धूळ बसली होती. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी ती नीट पुसली, आणि आपल्या जागेवर येऊन हजेरी भरू लागले.