त्रेचाळिसावी चूल

सप्ताहाच्या पहाऱ्यांची यादी गेली अकरा वर्षं मीच करतो. सात दिवस, म्हणजे एकशे अडुसष्ट तास, देवळातली वीणा खाली टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. गावात चुली बेचाळीस, प्रत्येकीला चार तास. एकशे अडुसष्ट हा आकडा मला भल्या यजमानासारखा वाटत आला आहे. दोन, तीन, चार, सहा, सात, आठ, बारा... सोळा संख्यांनी त्याला भाग जातो. पंगतीला कोणीही बसो, मागे काही उरत नाही.

छप्पन साली चैत्रातल्या सप्ताहाला दोन दिवस उरले असताना कान्हा कोळी घरी आला. थोरल्या भावापासून, हिरामणपासून, तो शिमग्यालाच वेगळा निघाला होता. त्याला स्वतःचा पहारा हवा होता. जिला पहारा नाही ती चूल गाव मोजत नाही, हे त्यालाही ठाऊक, मलाही.

म्हणजे त्रेचाळीस. पाटी घेऊन बसलो. त्रेचाळिसाला एक आणि तो स्वतः, याखेरीज कोणी भागत नाही. असला हट्टी आकडा एकशे अडुसष्टात बसायचा कुठून? मिनिटं करून पाहिली. प्रत्येकी तीन तास चोपन्न मिनिटं, आणि वर अठरा मिनिटं उरली. ती अठरा मिनिटं वीणा कोणी घ्यायची? देवळाचा कारभार बघणारे नामा पाटील म्हणाले, गावात घड्याळ एक, शाळेचं, तेही मागे पडणारं. देवाला चोपन्न मिनिटं दाखवू नका. सप्ताह चार तास वाढवावा, तर काल्याच्या बुवांना रेवसची लाँच गाठायची होती. हिरामणचं म्हणणं, मूळ घर एक, दोघांनी दोन-दोन तास करावे.

ते मी कान्हाला सांगितलं.

“चूल आख्खी हाय, मंग पहारा अर्धा कसा, मास्तर?”

मी त्याच्यावरच चिडलो. सप्ताह होईपर्यंत दम नव्हता का, म्हणालो. तो उठला. केसरने, त्याच्या बायकोने, पहाऱ्यासाठी धोतर धुऊन ठेवलंय, एवढं दारातून सांगून गेला.

एक नाव वगळलं की सगळं जमत होतं, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. यादीत पहिलं नाव माझं. त्या चार तासांसाठी मी वर्षभर थांबतो. दोन दिवस भागाकार करत बसलो तो ते दिसू नये म्हणून. शेवटी नाव खोडलं, पण आनंदाने नव्हे. घरी बायकोशी, श्यामलाशी, धड बोललोही नाही.

“मग मास्तर, तुमची चूल?” नामा पाटलांनी विचारलं.

“मोजणारा मी. मला कोण वगळतंय?”

कान्हाला मुद्दाम हिरामणच्या मागचा पहारा दिला, चौथ्या दिवशी दुपारी बाराचा. भाऊ भावाच्या गळ्यात वीणा घालील, असा माझा बेत. बारा वाजले, कान्हाचा पत्ता नाही. होडी ओहोटीत खाडीच्या तोंडाशी रुतलेली.

“बघा तुमची आख्खी चूल,” हिरामण म्हणाला. “माझं चार तास भरलं. घ्या.”

घेतली. रागातच उभा राहिलो. हिरामणचा राग, कान्हाचा, त्या आकड्याचा. मग तार लागली आणि नाम सुरू झालं. किती मिनिटं गेली ते मोजलं नाही. कान्हा चिखलाचे पाय धुऊन, ओल्या अंगाला तेच धुतलेलं धोतर नेसून, माझ्यापुढे मान वाकवून उभा राहिला. खरं सांगतो, वीणा त्याच्या गळ्यात घालताना ती मला सोडवेना.