पॅकार्डची उजवी बाजू

माझ्या नवऱ्यानं एकेचाळीस वर्षं आमच्या पायसांदू गावच्या लोकांना दात पुरवले. तो दंतवैद्य नव्हता. दंतवैद्य मापं पाठवायचे आणि वाल्देमार मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवायचा. निवृत्त झाला तेव्हा हत्यारं तीच राहिली, मेण तेच, घासायची पूडही तीच. फक्त टेबलावर दातांच्या जागी मोटारी आल्या. वीतभर लांबीच्या, दारं उघडणाऱ्या, आत घड्याळाचे काटे असलेल्या मोटारी. त्या काचेच्या पेट्यांत राहायच्या आणि धूळ पुसायची मलासुद्धा परवानगी नव्हती.

गावाच्या संग्रहालयानं त्याला सोसा दुत्रा या बड्या कुटुंबाची पॅकार्ड मोटार करायला सांगितली, तेव्हा तो आठवडाभर शीळ घालत फिरत होता. १९३८ची ती लांबलचक काळी गाडी आमच्या आईबापांच्या पिढीनं पाहिलेली. पुढं ती ब्राझीलला विकली गेली आणि तिथंच कुठंतरी भंगारात गेली. मागं उरला एक फोटो. चर्चसमोर गाडी उभी, डावं दार उघडं, टोपीवाली बाई उतरते आहे.

त्या एका फोटोवरून वाल्देमारनं अकरा महिने काम केलं. काळ्या रंगाचे सात हात दिले आणि प्रत्येक हात कवळी घासायच्या लगद्यानं घासून आरशासारखा केला. माझे जुने हातमोजे कापून आसनं शिवली. मी हातमोजे शोधत होते तेव्हा म्हणतो, "एल्सिरा, ते आता पॅकार्डमध्ये बसलेत. तुझ्यापेक्षा ऐटीत आहेत."

गाडी पूर्ण झाल्यावर मी त्याला न विचारता दोन्या दोरिलाला चहाला बोलावलं. दोरिला बेन्तांकोर त्र्याऐंशी वर्षांची, म्हणून सगळे तिला मानानं 'दोन्या' म्हणायचे; आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. तिचे वडील सोसा दुत्रांचे ड्रायव्हर, म्हणजे ती पॅकार्ड तेच चालवायचे. काचबिंदूनं तिची नजर जाऊन बारा वर्षं झाली होती. मला वाटलं, वाल्देमार गाडीचं वर्णन करील, म्हातारीला बरं वाटेल.

ती बिस्कोचोंची, म्हणजे चहाबरोबरच्या खाऱ्या पावांची, पुडी घेऊन आली, खुर्चीत नीट बसली, हात रुमालाला पुसले आणि म्हणाली, "हं, दे इकडं."

"काय?" वाल्देमार म्हणाला.

"गाडी, पोरा. मी काय तिचा वास घेऊ?"

माझा सदुसष्ट वर्षांचा पोर पांढराफटक पडला. "दोन्या दोरिला, रंग फार नाजूक आहे हो. बोटांचे ठसे उमटतात."

"दर शनिवारी ही गाडी मी पुसायचे. सात वर्षांची असल्यापासून. ठसे कसे काढायचे ते तू मला सांगणार?"

मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं पेटी उघडली.

तिची बोटं गाडीवरून फिरायला लागली आणि मी चहा ओतायचं विसरले. दिवे, जाळी, चाकांवरची वळणं. ती एकेकाचं नाव घेत होती, जशी नातवंडं ओळखावीत. डावी बाजू झाली. "छान आहे रे," म्हणाली. मग उजवीकडे आली आणि थांबली. पुन्हा मागं गेली, पुन्हा पुढं आली.

"पेटी कुठंय?"

"कसली पेटी?"

"बाबांची. पायरीवर, त्यांच्या दाराच्या खाली. पत्र्याची, कुलपाची. 'माते' चहाचा पेला, तो ओढायची नळी, पत्ती, छोटा स्टोव्ह, सगळं त्यात असायचं. मालक तासन्‌तास क्लबात बसायचे, तेव्हा बाबांनी काय करायचं?" तेव्हा आमच्या देशात गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालत आणि चालवणारा उजवीकडे बसे. फोटोत ती बाजू आलेलीच नव्हती. "आणि इथं," तिनं नख दारांच्या खालच्या रुपेरी पट्टीवर टेकवलं, "ही रेघ सरळ येते, सरळ येते, आणि इथं थरथरते."

 ती गेल्यावर वाल्देमारनं गाडी काचेच्या पेटीत ठेवली, पेटी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.

तीन आठवडे तो मागच्या खोलीत गेला नाही. टोमॅटोंना पाणी घालायचा, वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. एका दुपारी मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"म्हाताऱ्या, एका पेटीपायी एवढं? एक पेटी कर आणि चिकटव."

"पेटीचं नाही." त्यानं उजवा हात टेबलावर ठेवला, बोटं पसरली. बोटं अगदी बारीक हलत होती, पाण्यावर पान हलतं तशी. "वर्ष झालं. ती रेघ मी अकरा वेळा काढली. वाटलं, कुणाला दिसणार नाही. दिसलीही नाही कुणाला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

मी त्याला डॉक्टरकडे नेलं. ज्याची त्याला भीती होती तो आजार नव्हता. त्याच्या आईलाही असा कंप होता, तोच आता याच्याकडे आला होता. हळूहळू वाढेल, डॉक्टर म्हणाले, जपून राहा, पण हात थांबवू नका. परत येताना वाल्देमार म्हणाला, "हात थांबवू नका म्हणे. केसाएवढी रेघ आता कुणी काढायची, त्या डॉक्टरनं?"

पण दुसऱ्या दिवशी त्यानं मेणाची एक वडी खिशात टाकली आणि एकटाच दोरिलाच्या घरी गेला. मला वाटलं, भांडायला गेला. दोन तासांनी परत आला तो रुमालात काहीतरी धरून. मेणाची एक पेटी होती, काड्यापेटीएवढी. झाकणाला उतार होता आणि एका कोपऱ्याला पोचा.

"तिनं केली," तो म्हणाला. "मेण तळहातात धरून मऊ केलं, आणि पाच मिनिटांत. पोचासुद्धा. बंदरावर बैलगाडीचा दांडा लागला होता म्हणे." मग बराच वेळ त्या पेटीकडे पाहत बसला. "एल्सिरा, ही छोट्या गाडीला बसणार नाही. फार मोठी आहे."

"मग?"

"मग गाडी मोठी करायची."

अशी दुसरी पॅकार्ड सुरू झाली. खरी गाडी होती त्याच्या एक अष्टमांश, हातभरापेक्षा लांब. मंगळवारी आणि गुरुवारी दोरिला यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि हुकूम सोडायची. रंगाशी तिला देणंघेणं नव्हतं. गाडी हाताला गार लागली पाहिजे हे पहिलं. म्हणून वाल्देमारनं पितळेचा पत्रा आणला आणि ठोकून ठोकून वळणं काढली. मोठ्या वळणाला कंप आडवा येत नाही. मधूनमधून माझ्याकडे बघून हातोडी हलवून दाखवायचा, शाळेतल्या पोरासारखा.

दाराच्या आवाजावरून मात्र दोघांचं चांगलंच वाजलं.

"हे दार पॅकार्डचं नाही," दोरिला म्हणाली. "हे माझ्या मावशीच्या कपाटाचं आहे."

"दोन्या, दार लागतंय. आणखी काय पाहिजे?"

"लागतंय, पण खडखडतंय. ते दार असं लागायचं, जसा एखादा जाडा माणूस गादीवर बसतो. बाबा लावायचे आणि आतल्यांचं बोलणं तुटायचं. आपल्याला मग एक शब्द ऐकू यायचा नाही."

वाल्देमार नाक फुगवून बागेत गेला. पण दारात शिशाचा तुकडा बसवला, चौकटीला लोकरीचा नमदा लावला. पुढच्या गुरुवारी तिनं दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. चौथ्यांदा लावल्यावर हात तसाच दारावर ठेवून बसली.

"एकदाच बसले होते मी मागं," ती म्हणाली. "नऊ वर्षांची होते. मालक मंडळी माँटेव्हिडिओला गेली होती. बाबांनी टोपी काढून मला दार उघडून धरलं आणि बंदरापर्यंत नेऊन आणलं. पुढच्या आणि मागच्या आसनांमधली काच वर केली होती. बाबा काहीतरी सांगत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काही आलं नाही. मी नुसती मान हलवत राहिले. नंतर विचारायचं राहूनच गेलं."

वाल्देमारनं पितळेचा बारीक तुकडा उचलला. संध्याकाळपर्यंत मधल्या काचेला खालीवर करायचा खटका बसला होता. गाडी पुन्हा तिच्या मांडीवर आली. तिनं काच खाली केली आणि त्या फटीतून एक बोट पुढच्या आसनापर्यंत नेलं.

ऑक्टोबरात प्रदर्शन भरलं. संग्रहालयाचे संचालक, सेन्योर इतुराल्दे, मोठी गाडी बघून खूष झाले आणि लगेच काचेची गोष्ट काढली.

"काच नाही," वाल्देमार म्हणाला.

"अहो, लोक हात लावतील."

"त्यासाठीच केलीय."

"मोडतील."

"मोडली तर दुरुस्त करीन. मी कवळ्या दुरुस्त करत आलोय. लोक काय काय चावतात तुम्हाला कल्पना नाही."

इतुराल्देंनी काचेची पेटी आधीच करून घेतली होती, तिचं काय करायचं हा त्यांचा प्रश्न. तेव्हा वाल्देमारनं कपाटाचं कुलूप काढलं आणि छोटी पॅकार्ड त्यांच्या हातात दिली. रेघ त्यानं दुरुस्त केली नव्हती. ती छोटी गाडी काचेत गेली आणि मोठी टेबलावर, तिच्यासमोर पाटी: हात लावा.

पहिला अर्धा तास कुणी लावेना. लोक पाठीमागे हात बांधून उभे. मग दोरिलानं एका बाईचं मनगट धरून तिचा हात छपरावर ठेवला, आणि त्यानंतर रांगच लागली. दारांचा तो जाड आवाज दुपारभर येत होता.

चारच्या सुमाराला सोसा दुत्रांची नात आली, आता पंचाहत्तरीची, मोत्याचे डूल घातलेली. तिनं गाडीला सावकाश फेरी घातली आणि उजवीकडे थांबली.

"गाडी अगदी हुबेहूब आहे," ती म्हणाली. "पण ही पेटी कसली? अशी पेटी आमच्या फोटोत कुठंच नाही."

"तुम्ही डावीकडून चढायचात," दोरिला म्हणाली.

 बाईनं वाकून पेटीचं झाकण उघडलं. आत वाल्देमारनं वाटाण्याएवढा पेला आणि नळी ठेवली होती. "हे त्यांचं?" तिनं विचारलं. "म्हणजे तुमच्या वडिलांचं? नाव काय होतं त्यांचं? घरात आम्ही सगळे नुसतं शोफर म्हणायचो."

"आनाक्लेतो बेन्तांकोर."

बाईनं इतुराल्देंना हाक मारली आणि पाटीवर ते नाव घालायला सांगितलं. इतुराल्दे उद्या छापून आणतो म्हणाले. बाई म्हणाली, पेन आहे की तुमच्या खिशात. मग त्यांनी उभ्या उभ्याच लिहिलं, आणि काय लिहिलं ते मी दोरिलाला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

संध्याकाळी आम्ही तिघं नदीच्या बाजूनं चालत घरी निघालो. दोरिला माझ्या दंडाला धरून होती, वाल्देमार पुढं, हात खिशात. हल्ली तो ते लपवायला खिशात घालत नाही, गार वारा असला तरच घालतो.

"वाल्देमार," दोरिलानं मागून हाक दिली, "पूल इथून दिसतो का?"

"दिसतो. दिवे लागलेत."

"नदीवर तो झाला तेव्हा मी चाळिशीची होते. रोज बघायचे. पण मधे तो उंच कसा होतो, खालून त्याला काय धरतं, ते काही मला आठवत नाही. गाडीचं कसं, ती हातातली होती. पुलाला कधी कुणी हात लावतं का?"

वाल्देमार थांबला. पुलाकडे डोळे बारीक करून बघत राहिला, एक डोळा मिटून, अंगठा पुढं धरून. मी त्याला ओळखते. तो मापं घेत होता.

"किती मोठा लागेल?" त्यानं विचारलं.

"माझे दोन्ही हात पसरले की मावेल एवढा," ती म्हणाली. "मंगळवारी येते मी."